भिजत घातलेली पानं

सरिता, हे वाचताना तरी इकडे ये बाई. जवळ बस. दारात उभं राहून, गाडीची किल्ली बोटात फिरवत, अर्धं बोलायचं आणि अर्धं ओढणीत गुंडाळून न्यायचं, ही तुझी सवय मला पहिल्यापासून आवडत नाही. तुझ्या कुडव्यापासून आमचं कामठा असं किती लांब आहे गं? इथली माणसं सकाळी गोंदियाला जातात आणि दुपारच्या जेवणाला घरी असतात. आई गेल्यापासून सव्वा महिन्यात तुला एकदा यायला जमलं नाही. तिच्या घराची किल्लीसुद्धा मला नामदेवच्या हाती पाठवलीस. मी रागावणारच. म्हातारीचा तेवढा हक्क असतो. आता रागावून झालं, ऐक.

आणि तुम्ही बाकीचे जे वाचता आहात, त्यांनाही सांगून ठेवते. सरिता म्हणजे माझ्या देवकाची एकुलती एक मुलगी. देवका म्हणजे... तेच तर सांगायला बसले आहे.

त्या सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. देवकाच्या शेजारचा नामदेव आला, पायात चप्पल नाही. म्हणाला, "मालकीणबाई, देवकामाय उठून नाही राहिली." मी म्हटलं, "मंग हलव ना तिले जोरानं." त्याने नुसती मान हलवली. बादली माझ्या हातात तशीच. एवढी मोठी गोष्ट, पण माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की तिच्या गाण्याची कालची ओळ मी अजून लिहून घेतली नाही.

देवका बिड्या वळायची. मी पवारांच्या घरची सून, धानाची शेती असलेल्या घरची. ती बौद्ध वस्तीतली, आमच्या बांधीत रोवणीला, म्हणजे भातलावणीला यायची. बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा वाफा. रोवणीच्या बाया गुडघाभर चिखलात वाकून गाणं म्हणतात, एका बाजूची एक ओळ, दुसऱ्या बाजूची तिला जोड. एका वर्षी देवकाने ओळ टाकली आणि जोड द्यायला कोणाला सुचेना. मी धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, चहाची बरणी घेऊन उभी होते. माझ्या तोंडून जोड निघून गेली! सासूबाई कडाडल्या, "मजुराईच्या गाण्यात सूनबाईनं तोंड घालावं काय?" तशी देवका चिखलातून म्हणते, "घालू द्या जी आजी. तोंड रिकामं राहिलं का भांडण निघते." सगळ्या बाया हसल्या. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. देवका मात्र तेव्हापासून माझी झाली.

पण खरी ओळख झाली ती आमचे हे गेले तेव्हा. मी खोलीतून बाहेर येणं सोडलं होतं. केस विंचरायचे नाहीत, जेवण कोणी ताटात वाढलं तर खायचं. असे दोन-तीन महिने गेले असतील. एका संध्याकाळी देवका सूप काखेत मारून आमच्या ओसरीवर येऊन बसली. सुपात कात्री आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. "काऊन वो, आत बसून कोणाची वाट पाहून राहिली?" मी रडायला लागले. तिने रडू दिलं. मग कात्री माझ्याकडे सरकवली. "आसवं गाळ, मी नाही नाही म्हणत. पण हात कायले रिकामा ठेवतेस?" पत्र्याच्या फर्म्यावर पान धरून कापायला तिने मला शिकवलं. पहिल्या दिवशी मी निम्मी पानं वाया घालवली. ती म्हणाली, "फाटलं तं चुलीले चालते." एवढंच. त्या दिवसापासून रोज दुपारी मी तिच्या ओसरीवर. पवारीण बौद्धपुऱ्यात जाऊन बिड्या वळते म्हणून गावाने दोन वर्षं तोंडसुख घेतलं, मग गावालाच कंटाळा आला.

सरिता, आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर आठ-पंधरा दिवसांनी तू फोन केला होतास. "मावशी, आई दम लागत असताना बी रोज कशी बसाची? मले तं सकाळी उठून काही सुरूच करावं नाही वाटत. मोबाइलवर ऐकते मी, पाच सवयी, सात सवयी, पहाटे उठा, यादी करा... दोन दिवस होते, मंग काहीच नाही." मी हं हं केलं आणि फोन ठेवला. रागावू नको बाई. त्याचं उत्तर आज देते.

तुझ्या आईने यादी कधी केली नाही. ती फक्त संध्याकाळी पानं भिजवायची. बिडीचं पान वाळकं असलं की वळताना तडकतं, म्हणून आदल्या दिवशीच गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी घालून त्यात ते बुडवून ठेवावं लागतं. हे सगळ्याच बिडीवाल्या बाया करतात, त्यात नवल नाही. पण देवका पानं पाण्यात दाबताना एक ओळसुद्धा म्हणायची. एकच. कधी तीही अर्धी. आणि मला ताकीद, की त्याच वेळी जोड द्यायची नाही. मी एकदा उतावीळपणे बोलले तर माझ्या तोंडासमोर ओला हात धरला. "थांब वो. शब्द बी पानावाणी राहते. वाळल्या शब्दाले वळाले गेलं का फाटते. राहू दे रातभर पाण्यात." मग ओळ घेऊन मी घरी यायची. सकाळी सडा-सारवण झालं की जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तिची ओळ लिहायची आणि खाली माझी जोड. मी शाळेत गेलेली नाही, अक्षरं मुलांच्या पाटीवरून चोरून शिकले. ती कॅलेंडरची पानंच माझी शाळा. दुपारी तिला वाचून दाखवायची. आवडलं तर ती बिडीचा धागा दातांनी तोडायची आणि पुढची बिडी हातात घ्यायची. नाही आवडलं तर, "हे चुलीले."

वाईट ओळीचं तिला कधी दुःख झालं नाही. मला व्हायचं. मी दिवसभर तोंड पाडून बसायची. ती म्हणायची, "आजचं पान फाटलं, तं गंजात उद्याचं नाही काय?"

आणि तिचं ते आडवाटेने येणं... बिड्या जमा करायला कारखान्याच्या माणसाकडे जायची, तर जाताना एका वाटेने आणि येताना दुसऱ्या. कधी तळ्याकडून, कधी गिरणीकडून. पाय दुखत असले तरी. येताना काहीतरी पाहून यायचंच. एकदा सांगत आली, गिरणीत दळण घेऊन बसलेली एक म्हातारी झोपेत कोंबड्या हाकलत होती. त्यावरून गाणं झालं आमचं, रोवणीला बाया हसून हसून चिखलात बसल्या. तू कॉलेजात कविता करायचीस, मग दुकानात लागलीस आणि "मूडच येत नाही" म्हणायला लागलीस, तेव्हा ती काय बोलली होती, आठवतं? "मूड काय पाहुणा हाय, चिठ्ठी धाडून येईन म्हणून?"

आता दुसरी गोष्ट सांगते, जी मला त्या काळी आवडली नव्हती. तुझे बाबा गेले, त्यांना अग्नी देऊन माणसं परत आली, आणि त्याच संध्याकाळी तुझ्या आईने गंजात पाणी ओतून पानं भिजवली. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मलासुद्धा ते कठोर वाटलं. मी म्हटलं, "देवका, आज तरी..." ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "उद्या सकाळ होईन ना वो? मंग मी तिले काय दाखवू?" त्या दिवशी ओळ मात्र म्हणाली नाही. नुसतीच पानं दाबत राहिली, किती तरी वेळ. आज समजतं, हात पाण्यातून बाहेर काढायची तिला भीती वाटत असेल.

हे सगळं शिकलेली मी. आणि मी काय केलं?

ती गेली त्या सकाळी घर बायांनी भरलेलं. मला बसवेना. हाताला काहीतरी हवं होतं. आमच्या घरी माणूस गेलं की साठवलेलं पाणी ओतून टाकतात, भांडी पालथी घालतात. सासूबाई गेल्या तेव्हा मीच केलं होतं. हात आपोआप चालू लागले. माठ ओतला, बादली ओतली, आणि ओसरीवरचा गंजही शेवग्याच्या झाडाखाली पालथा केला. तू आतून आलीस. "मावशी, आमच्यात असं काही नसते जी." मग तू खाली पाहिलंस. "ते आईनं काल भिजवलेले पानं होते." माझ्यावर ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मी वेचायला वाकले. तोवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली ती चिखलात गेली होती. चार हाती लागली, तीही फाटलेली.

इतक्या वर्षांत तिच्या ओसरीवर माझं सगळं बदललं असं मला वाटत होतं. नव्हतं बदललं. दुःखात माझा हात माझ्याच घरच्या रीतीकडे गेला, तिच्या रीतीकडे नाही. ह्याची माफी कोणाकडे मागू? ती असती तर म्हणाली असती, "चुलीले चालते." पण ती पानं चुलीलाही चालली नाहीत.

आणि ओळ. आदल्या संध्याकाळी तू तिची औषधं द्यायला आली होतीस. दारातच उभी, ओढणी बांधत. देवकाला दम लागत होता, तरी पानं दाबता दाबता तिने ह्या वर्षीच्या रोवणीची पहिली ओळ टाकली. "बांधीत उभं पाणी, पाण्यात माझी..." पुढे एक शब्द होता. तू हसलीस. "आई, हे कोणाले समजन?" ती म्हणाली, "समजाचं कायले? रोवताना वाकलं का दिसते." मी नेहमीसारखी ओळ घेऊन घरी आले, सकाळी लिहू म्हणून. सकाळी नामदेव आला. आणि तो शेवटचा शब्द माझ्या डोक्यातून गेला, सरिता. सावली? सावली तर कोणीही म्हणेल, देवका नाही म्हणायची. माय? मला दोन्ही लावून पाहता येतात, पण तिचा तो चटका लागत नाही. रोज सकाळी कॅलेंडरचं पान घेऊन बसते. अर्धी ओळ लिहिते. जोड कशाला देऊ? अर्ध्या ओळीला जोड लागत नाही.

त्या शब्दाला आम्ही तिघीच साक्षी होतो. एक गेली. एक विसरली. उरलीस तू, दारात उभी असलेली. तुला आठवत असेल... किंवा नसेलही. पण दोघी त्याच ओसरीवर, त्याच जागी बसलो, तू तुझी ओढणी बांधलीस, मी पाण्यात हात घातला, तर कदाचित तो येईल. नाही आला तर आईच्या जागी तू एक शब्द ठेव. मी चुलीले म्हणणार नाही.

गंज मी घासून तिच्या ओसरीवर, होता तिथेच ठेवला आहे, सुलटा. रोज संध्याकाळी कुलूप काढून त्यात पाणी भरते आणि सकाळी ते शेवग्याला घालते. पानं घालायचं धाडस अजून झालेलं नाही. पण नामदेवच्या बायकोकडून एक जुडी मागून आणून ठेवली आहे.

रोवणी लागायच्या आत येजो माय. अशी अचानक मात्र नको येऊ, आदल्या दिवशी फोन कर. पानं भिजायला एक रात्र तरी लागते.