वॉटर पार्कमधले माहेर

एप्रिलचा शेवटचा रविवार, सकाळची वेळ, चौसाळ्यातल्या आमच्या घराची ओसरी. बाजूला काढून ठेवलेली रक्कम सात हजार रुपये. हजर माणसे सहा: आई, अण्णा, माझी बायको, मुलगी, मुलगा आणि मी. विषय मे महिन्यातल्या वॉटर पार्कच्या फेरीचा. दरवर्षी हा विषय चहा संपायच्या आत संपतो, कारण जागा तीच, रविवार तोच आणि जाणारी माणसेही तीच. या वर्षी मुलगी म्हणाली, "मी नाही येणार."

तिची बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. मैत्रिणींना सांगायची लाज वाटते, म्हणाली. लोक महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात, आणि आपण, मी चौथीत असल्यापासून, त्याच घसरगुंडीवर. मुलगा दहावीत जाणार होता. त्यानेही लगेच अंग काढून घेतले. "तिथली लाट माझ्या गुडघ्याएवढी येते," तो म्हणाला.

अण्णांनी पेपर खाली केला. "लेकरंच न्हाई म्हणत्येत, तर झालं की. म्हातारी माणसं काय नळीतून घसरणार हायत का?"

आई शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला. बायकोने माझ्याकडे पाहिले. मुलांना यात काय अडकले आहे ते पुरते माहीत नव्हते. आम्हा चौघांना माहीत होते. आईची आणि माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, वर्षातून एकदाच धड भेट होते आणि ती त्या पार्कमध्येच होते. आईचे वय चौऱ्याहत्तर. या वर्षीची फेरी रद्द म्हणजे भेट रद्द.

असे का, ते सांगतो. आमच्याकडे लग्नात अक्षता पडण्याआधी माइकवरून नावे पुकारून पाहुण्यांना मानाचे फेटे बांधतात. घरच्या जावयाचा मान पहिल्या काही नावांत असतो. माझ्या लग्नात नेमके त्याच वेळी एक पुढारी मांडवात आले. माइक ज्यांच्या हातात होता ते गृहस्थ त्यांच्या स्वागतात गुंतले. पुढाऱ्यांमागून त्यांचे कार्यकर्ते रांगेने स्टेजवर आले, फेटे बांधून घेऊन गेले आणि फेटे संपले. दाजींचे, म्हणजे आक्काच्या यजमानांचे नाव पुकारले गेले तेव्हा टेबलावर टॉवेल-टोपी उरली होती. दाजींनी ती घेतली नाही. ते मांडवातच अण्णांना म्हणाले, "इथून पुढं तुमच्या उंबऱ्याला माझ्या घरचं कुणी पाय लावणार न्हाई." अण्णांनी चूक झाली असे म्हणायला हवे होते. ते म्हणाले, "आमीबी तुमच्या उंबऱ्याला येणार न्हाई."

दोघेही शब्दाचे पक्के निघाले. आक्का तेलगावला दिलेली. मधले अंतर फार नाही. मध्यस्थी तीनदा झाली आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडली, की आधी कुणी कुणाच्या घरी यायचे. नात्यातल्या लग्नांत गाठ पडायची, पण तिथे सगळ्यांचे डोळे यांच्यावरच. आई आणि आक्का चार शब्द बोलल्या की पाचवी बाई येऊन विचारायची, "मग, मिटलं का?" की दोघी गप.

पार्क सापडले ते योगायोगाने. मुलगी लहान होती. त्या मे महिन्यात आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येत होता, आणि बायको म्हणाली, लेकरांना एकदा पोटभर पाण्यात खेळू दे. पार्क जिल्ह्याबाहेर, हायवेला लागून. आईलाही बरोबर नेले. अण्णा आले नाहीत. आत गेलो तर रबरी ट्यूबच्या रांगेत आमच्या पुढे आक्का, तिची दोन मुले आणि दाजी. तेही पहिल्यांदाच आले होते. दाजींच्या अंगावर भाड्याची निळी हाफ पँट होती, केसांतून पाणी गळत होते. त्यांनी आम्हाला पाहिले, मान वळवली आणि ट्यूब घेऊन निघून गेले. आक्काला मात्र घेऊन गेले नाहीत. मी तेव्हाच मनाशी म्हटले की ओल्या हाफ पँटीत माणसाला मानपान सांभाळणे अवघड जाते. शिवाय इथे कुणाचाच उंबरा नव्हता. ना आम्ही यजमान, ना ते पाहुणे.

पुढच्या वर्षी आक्काचा फोन आला, मुलांना परत तिथेच जायचे आहे म्हणून. आम्ही म्हटले, आमच्याही मुलांना. तेव्हापासून मेचा दुसरा रविवार ठरून गेला. भेटायला जातो असे कधीच कुणी म्हटले नाही. लेकरांची हौस म्हणायचे. शेजारी चेष्टा करायचे. "काय बे, दरसाल तिथंच? जमीन घेतली का काय तिकडं?" मी हसून सोडून द्यायचो. टाळेबंदीत पार्क बंद होते तेव्हा आईने आक्काला फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिले. "चेहरा दिसतो, हात लागत न्हाई," एवढेच ती म्हणाली होती. आणि अण्णा दर वर्षी आम्ही परतलो की विचारायचे, "पाणी कसं होतं?" मी सांगायचो, "बरं होतं. थोडं वाळलंय." आक्का कशी आहे ते त्यांना कळायचे.

लेक माहेरहून निघाली की तिची ओटी भरतात. आईने पार्कमध्येही ते चुकू दिले नाही. टॉवेलांच्या पिशवीत ती नारळ, खण, गहू, हळकुंड, सुपारी घेऊन जायची आणि संध्याकाळी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आक्काला बाकावर बसवून ओटी भरायची. गेटवरचा जुना रखवालदार तिला ओळखत होता. पिशवी हलवून पाहायचा आणि म्हणायचा, "आजीचा नारळ आला. सोडा."

तर त्या रविवारी दुपारी मी आक्काला फोन लावला. तिने माझ्या आधीच सुरुवात केली.

"भाऊ, आमचीबी दोघं न्हाई म्हणत्येत. थोरल्याला पुण्याहून सुट्टी न्हाई, धाकटा दोस्तांसंगं चाललाय. हे म्हणत्येत, लेकरंच न्हाईत तर आपण कशापायी जायचं?"

"तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? आई काय करती?"

"इथंच बसलीय."

"दे तिला."

आईने फोन कानाला लावला आणि ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जावईबापूंना सांग, मला लाटांच्या पाण्यात बसायचंय. माझ्या गुडघ्याला लई बरं वाटतं. डॉक्टरनं सांगितलंय म्हण."

अण्णांनी माझ्याकडे वळून विचारले, "डॉक्टरनं कवा सांगितलं बे?"

"तुमाला कशाला पंचाईत?" आई म्हणाली. "तुमी पेपर वाचा."

डॉक्टरांनी तसे काही सांगितले नव्हते. गेल्या तपासणीला मीच बरोबर होतो. पण सासूने पाण्यात बसायची इच्छा बोलून दाखवल्यावर जावयाला नाही म्हणणे जड जाते. संध्याकाळी आक्काचा दोन शब्दांचा निरोप आला: "येतो आमी."

मेच्या दुसऱ्या रविवारी आई, बायको आणि मी निघालो. पोहोचलो तेव्हा दाजींची गाडी पार्किंगमध्ये उभी होती. दाजी आणि आक्का बाहेर उभे. मुलांशिवाय आम्ही पाचही जण काहीसे उघडे पडल्यासारखे दिसत होतो. दाजींनी मला "आलात का" एवढे विचारले. आईला लांबूनच नमस्कार केला.

गेटवर जुना रखवालदार नव्हता. त्याच्या जागी नवा तरुण माणूस आणि पिशव्या तपासायचे यंत्र. आईची पिशवी त्यातून गेली आणि त्याने ती बाजूला काढली.

"आजी, नारळ आत जायचा न्हाई. गहूबी न्हाई. बाहेरचं खायचं बंद हाय."

"हे खायचं न्हाई बाबा, ओटीचं हाय."

"नारळ म्हणजे खायचंच की."

"आन गहू? कच्चे गहू कोण खातं रे? मी काय घोडी हाय का?"

तो हसला, पण पिशवी सोडली नाही. "मॅनेजर मला कामावरून काढतेल, आजी."

मी पाटीवरचा नियम दोनदा वाचला. त्यात फक्त बाहेरील खाद्यपदार्थ असे लिहिले होते. न फोडलेला नारळ खाद्यपदार्थात कसा बसतो, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, "फोडला की बसतो."

आईने वाद थांबवला. पिशवी घेऊन ती सरळ पार्किंगकडे वळली, दाजींच्या गाडीचे मागचे दार उघडले आणि आक्काला म्हणाली, "बस." आक्का पाय बाहेर सोडून सीटवर बसली. जाताना भरायची ओटी आई आल्या आल्याच भरत होती, कारण आत ती भरता येणार नव्हती.

"पूर्वेला तोंड पायजे," आई म्हणाली. "पूर्व कुठं आली?"

मी उन्हाकडे पाहून अंदाज घेत होतो. दाजींनी हात वर करून दाखवले. "तिकडं. थांबा, गाडी वळवतो." आक्काला उतरवून त्यांनी गाडी मागे-पुढे करून उघडे दार नीट पूर्वेला आणले आणि मग बाजूला जाऊन उभे राहिले. आक्का परत सीटवर बसली आणि बायकोने कुंकवाची डबी धरली. शेजारच्या गाडीतून उतरलेली एक अनोळखी बाई कडेवरच्या मुलासह थांबली.

"कार्यक्रम हाय का काही?" तिने विचारले.

"लेक सासरी चाललीय," आई म्हणाली.

"अगं बाई. किती दिवस राहिली?"

"आत्ताच आलीय."

त्या बाईला काही कळले नाही, पण तिने आक्काचा पदर नीट पुढे ओढून दिला, म्हणजे गहू सांडू नयेत. आक्काने डोळे पुसले नाहीत. दोन्ही हातांनी पदर धरलेला असल्यामुळे तिला ते करता येत नव्हते.

ओटी झाली. आईने आक्काचे तोंड दोन्ही हातांत धरून पाहिले. मला वाटले, आता आलो ते काम झाले. तिथे लिंबाची दोन मोठी झाडे होती, सावली होती. मी म्हणालो, "आता आत जाऊन काय करायचं? इथंच सावलीत बसू, बोलू. समोरच्या धाब्यावर जेवू. तिकिटांचे पैसे उगीच कशाला?"

"आन पाणी?" आई म्हणाली.

"कसलं पाणी?"

"लाटांचं. मी त्यात बसायला आलेय. फोनवर सांगितलं न्हाई का?"

"ते तू सांगायचं म्हणून सांगितलंस ना?"

"कुणी सांगितलं तुला? घरी दोन तांब्यांत आंघोळ करते मी. ह्या पाण्यात बसलं की गुडघा माझा राहतच न्हाई."

आक्का पदर सावरत हसायला लागली. "भाऊ, तुला काय वाटलं, मी दरसाल नुसती आईसाठी येते? लग्नाआधी मी विहिरीत उड्या मारायचे, तुला आठवतंय का? सासरी विहीर हाय, पण सुनेनं काठावर उभं राहायचं. इथं मी गळ्याएवढ्या पाण्यात गेले तरी कुणी हाक मारत न्हाई."

मी बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, "मला विचाराल तर बाहेरचा डबा चालत नाही हेच बरं. वर्षातला हा एकच दिवस पहाटे उठून पोळ्या लाटाव्या लागत नाहीत."

इतकी वर्षे मी या फेरीचे एकच कारण धरून चाललो होतो. मुलांची हौस हे सांगायचे कारण आणि माय-लेकींची भेट हे खरे. बाकीच्यांना काही स्वतःचे कारण असेल, हे मी कधी विचारलेच नव्हते. दाजींना विचारावे म्हणून वळलो तर ते जागेवर नव्हते. ते तिकिटाच्या खिडकीपाशी उभे होते. मी मागोमाग गेलो.

"पाच मोठे," ते आत सांगत होते.

खिडकीतल्या बाईंनी मागे नजर टाकली. "लहान मुलं?"

"लहान कुणी न्हाई. आमीच हाओत."

"मोठ्या नळीला वजनाची अट आहे, काका."

"दरसाल बसतो मी तिच्यात. तुमी फाडा."

चार तिकिटे आठशेची आणि आईचे ज्येष्ठ नागरिक म्हणून सहाशेचे, असे तीन हजार आठशे रुपये दाजींनी खिडकीतल्या बाईंना रोख दिले. मी आमच्या तिघांचे बावीसशे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी मोजले, सोळाशे खिशात घातले आणि सहाशे मला परत केले.