मळलेल्या कडा

नाटककार व्हायच्या आधी तो प्रॉम्प्टर होता. म्हणजे विंगेत स्टुलावर बसायचं आणि नटाची दातखीळ बसली की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानात सोडायचं. बारा वर्षं त्यानं दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजली. आवाज असा काही बसला होता की घरी जेवताना मीठ मागितलं तरी बायकोला दोनदा विचारावं लागे, "काय म्हणालात?"

नाटक कंपनीचा मालक उरकाचा माणूस होता, पण त्या वर्षी त्याची ओळीनं तीन नाटकं आपटली. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की नव्या लेखकांच्या नादी लागण्यापेक्षा एखादी जुनी, नावाजलेली कादंबरीच रंगमंचावर आणावी. गोष्ट लोकांना आधीच आवडलेली, आणि लेखक मेलेला, त्यामुळे तालमीत येऊन हुज्जत घालायला कोणी नाही. त्यानं तीन जणांना विचारलं. तिघांनीही सातशे पानांचा तो ठोकळा हातात तोलून पाहिला आणि दुरूनच नमस्कार केला. मग मालकाची नजर प्रॉम्प्टरवर गेली.

"टाळी कुठं पडते, लोक कुठं खोकतात, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? अडीच तासांत बसेल असं करून दे."

"मला लिहिता येत नाही, मालक."

"लिहायचं कुठंय? लिहिलेलं आहेच. कापायचंय."

तो ठोकळा घेऊन तो घरी आला. आठ दिवसांत नव्वद पानं वाचून झाली, तरी नायकाचे आजोबाच अजून मरत होते. नववा दिवस उजाडला आणि त्यानं हात टेकले.

घरात तिघं होती. तो, बायको आणि ताई. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा हा पाच वर्षांचा होता. ताईनं त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं, आणि या सगळ्या धावपळीत तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं. ती सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला होती. पुस्तकं द्यायची-घ्यायची खिडकी तिची. भावाचं उतरलेलं तोंड बघून तिनं दुसऱ्या दिवशी त्याच कादंबरीची ग्रंथालयातली प्रत आणली आणि मिटलेलीच टेबलावर ठेवली.

"उघडू नकोस. कडेनं बघ."

त्यानं पाहिलं. पानांची कड कुठं पांढरी होती, कुठं काळपट.

"तीस वर्षांत शेकडो लोकांनी नेलीय ही," ताई म्हणाली. "माणूस जिथं परत परत जातो तिथं पान मळतं. पांढरं आहे ते लोकांनी एकदाच वाचलंय, काहींनी तेवढंही नाही. ते तुझ्या कात्रीचं."

काळ्या पट्ट्या अकरा निघाल्या. ताईनं एकेक उघडून दाखवली. एका पानावर कोणीतरी वाक्याखाली नखानं रेघ ओढली होती, एका पानावर थेंबभर पाणी सुकल्याचा डाग होता. पण नुसत्या कडा बघायचं काम कोणीही केलं असतं. ताईचं डोकं त्याच्या पुढं चालायचं.

"हे पान मळलंय ते मारामारीसाठी. वाचायला बरी, पण स्टेजवर लोक हसतील. गाळ. आणि या दोन मैत्रिणींची एकच बाई कर."

"असं कसं? मूळ कादंबरीत दोघी आहेत."

"पुस्तक परत करायला येतात तेव्हा लोक खिडकीशी गोष्ट सांगतात मला. आजवर एकालाही दोघींची नावं धड सांगता आलेली नाहीत."

ते नाटक तीनशेवर प्रयोग चाललं. जाहिरातीत त्याचं नाव ठळक अक्षरांत आलं, आणि लोक त्याला कौतुकानं 'कात्री' म्हणू लागले. पुढच्या अठरा वर्षांत कात्रीनं आणखी आठ कादंबऱ्या रंगमंचावर आणल्या. सगळ्यांची रीत एकच. ग्रंथालय बंद झालं की ताई जुनी प्रत घेऊन यायची. काय ठेवायचं, काय आधी, काय नंतर, पडदा कुठं पाडायचा, हे ती सांगायची. संवाद तो लिहायचा. त्या कामात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कुठलं वाक्य नटाच्या तोंडात बसेल आणि कुठलं घशात अडकेल, हे त्याला कानानं कळायचं. निम्मं काम तिचं आणि निम्मं त्याचं, असं म्हटलं तर ते त्यालाच झुकतं माप झालं असतं.

पाचव्या नाटकाच्या वेळी ताईनं एकदा विचारलं. शेंगा निवडता निवडता, मान वर न करता.

"खाली कुठं बारीक अक्षरात माझं नाव बसेल का रे? हट्ट नाही. आपलं विचारते."

"बसेल की! उद्याच मालकांशी बोलतो."

दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या कचेरीत गेलासुद्धा. मालक खुशीत होता. त्यानं चहा मागवला आणि विचारलं, "बोल, काय काढलंस?"

"काही नाही. तालीम दहालाच ना?" तो म्हणाला आणि चहा पिऊन निघाला.

असं का केलं, हे जिना उतरताना त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन नावं दिसली की लोक विचारणार, कोणाचं किती? बारा वर्षं अंधारात बसून मिळालेला उजेड त्याला वाटून घ्यायचा नव्हता. घरी येऊन तो म्हणाला, "मालक नाही म्हणतात. जागा नाही म्हणे पोस्टरवर."

"बरं," ताई म्हणाली.

बायकोनं मात्र त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "एवढ्या मोठ्या कागदावर?"

"तुला त्यातलं काय कळतं?" तो खेकसला, आणि विषय तिथंच मिटला.

ताईनं पुढची चार नाटकं त्याच निष्ठेनं केली. तिनं हात आखडता घेतला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

नवव्या नाटकाचा शंभरावा प्रयोग होता. मध्यंतरात मालक स्वतः पाहुण्यांना भेटत फिरत होता. ताईला बघून त्यानं हात जोडले. "या, या! बऱ्याच वर्षांनी दर्शन."

ताईला त्या दिवशी थोडी गंमत सुचली. "पोस्टरवर जागा नव्हती ना, म्हणून म्हटलं प्रत्यक्षच भेटावं."

"कसली जागा?"

"माझ्या नावाची. तुम्ही नाही म्हणाला होतात."

"मी? मला विचारलं कोणी?" मालकाला खरंच काही आठवेना. "अहो, मी पडदा ओढणाऱ्याचं नाव टाकतो. तुमचं टाकायला मला काय धाड भरली होती?"

भाऊ दोन हातांच्या अंतरावरच उभा होता, हातात चहाचा कप. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. फाटकं पुस्तक परत आणून 'आधीपासूनच असं होतं' म्हणणाऱ्या माणसाकडे ती खिडकीतून बघायची, तसं. मग घंटा झाली आणि सगळे आत गेले. परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि घरापर्यंत बाहेरच बघत राहिली.

दहाव्या कादंबरीच्या वेळी तिनं त्याच्यासमोर नवी कोरी प्रत ठेवली. पानंसुद्धा एकमेकांना चिकटलेली.

"जुनी कुठंय?"

"रद्दीत गेली. ग्रंथालयानं नव्या मागवल्यात."

"ताई, पण यात मला काय दिसणार?"

"वाच ना," ताई म्हणाली. "लेखक आहेस तू."

पाच महिने तो एकटा झगडला. पहिल्याच प्रयोगाला, दुसऱ्या प्रवेशात, तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकलं. मग मागं एक. मग डावीकडे तिघं. त्याला त्या खोकल्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. एकोणीस प्रयोगांत नाटक गुंडाळलं. 'कात्री बोथट झाली' असा मथळा एका वर्तमानपत्रानं दिला. ताईनं तो वाचला, घडी घातली आणि वर्तमानपत्र जागच्या जागी ठेवलं.

तेव्हाच तिचे पाय धरले असते तर? पण तो आज बोलू, उद्या बोलू करत राहिला. एकाच घरात वर्षभर 'दार लाव' आणि 'पाणी आलंय' याच्या पलीकडे दोघं बोलली नाहीत. मधल्यामध्ये कुचंबणा व्हायची ती बायकोची. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमच्या दोघांपेक्षा भिंती बऱ्या. त्या निदान कुढत तरी नाहीत."

मग ताईला खोकला लागला. पुस्तकांची धूळ आहे, निवृत्त झाले की जाईल, असं ती म्हणायची. निवृत्त झाली, खोकला राहिला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि म्हणाले, "फार उशीर केलात."

इस्पितळात तिच्या खाटेला खिडकी नव्हती. एका दुपारी बायको औषधं आणायला गेली आणि ती दोघंच उरली.

"ताई, मी मालकांना विचारलंच नव्हतं."

"माहीत आहे."

"का विचारलं नाही, ते..."

"तेही माहीत आहे." ती थांबून थांबून बोलत होती. "खोटं तरी जरा बरं बोलायचंस. जागा नाही म्हणे! नऊ नाटकांचे संवाद लिहिलेस तू." तिला हसू आलं, आणि हसण्यातून असा खोकला उठला की नर्स धावत आली.

ती जरा शांत झाल्यावर तो म्हणाला, "पहिलं नाटक पुन्हा येतंय. त्यावर तुझं नाव लावतो. माझ्या वर."

"दिसेल तेव्हा खरं."

"माफ केलंस ना मला?"

ताईनं डोळे मिटले. तो उत्तराची वाट बघत बसला. ती झोपली होती की नव्हती, हे त्याला कळलं नाही. भेटायची वेळ संपली म्हणून नर्सनं त्याला उठवलं.

सहाव्या दिवशी सकाळी ताई गेली. तेव्हा तो छापखान्यात होता, पोस्टरचा कच्चा नमुना तपासत. मालकानं कबूल केलं होतं, आणि तिचं नाव खरोखरच वर होतं, ठळक. ओला कागद गुंडाळून तो इस्पितळात पोचला तेव्हा खाट पुसून झाली होती.

पोस्टरं लागली आणि भलतंच झालं. बहिणीच्या आठवणीसाठी भावानं तिचं नाव वर लावलं, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. जो तो हळहळला आणि त्याची पाठ थोपटून गेला. रंगकर्मींनी त्याचा सत्कार ठेवला. तिथं त्यानं उभं राहून सरळ सांगितलं, "या नऊ नाटकांचा सांगाडा माझ्या बहिणीनं उभा केला. मी फक्त संवाद लिहिले."

टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्या नटानं डोळे पुसले. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काय हा विनय!"

"विनय नाही," तो म्हणाला. "तिनं नाव मागितलं होतं. मी खोटं बोललो. चोरी केली मी."

टाळ्या आणखी वाढल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'मोठ्या मनाचा भाऊ'. त्यानं खुलासा लिहून पाठवला. तो छापलाच गेला नाही.

शेवटी त्यानं नाटकांची पुस्तकं छापणाऱ्या प्रकाशकाची कचेरी गाठली. पुढच्या आवृत्तीवर दोन नावं घाला, म्हणाला. प्रकाशक तयार झाला. कारकुनानं कागद पुढं केला.

"इथं लेखक म्हणून सही. आणि बाई हयात नाहीत ना? मग इथं त्यांच्या वारसाची, परवानगी म्हणून. वारस कोण?"

"मीच. दुसरं कोणी नाही तिला."

"मग काय, सोपंच झालं. नाहीतर वारसांच्या भांडणात आमचे जोडे झिजतात."

त्यानं पहिली सही केली. दुसऱ्या जागेवर पेन टेकवलं आणि पुन्हा उचललं.

"तिनं दिली नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"माफी मागितली तेव्हा डोळे मिटून घेतले तिनं."

कारकुनाला काही उमगलं नाही. त्यानं पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि आपल्या कामाला लागला. यानं पेल्याला हात न लावता कागद पुन्हा वाचला. सही नाही केली, तर पुस्तकावर पुन्हा एकट्याचंच नाव. केली, तर जे ताईनं दिलं नाही ते तिच्या वतीनं आपणच आपल्याला दिल्यासारखं. अखेर त्यानं सही केली. मोठी, वाचता येईल अशी.

दोन महिन्यांनी पुस्तकं घरी आली. बायकोनं वरचं नाव मोठ्यानं वाचलं, मग खालचं. नावांत एकही चूक नव्हती.

"आता तरी बरं वाटतंय?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मालकाचे दोन निरोप आले, नवी कादंबरी आहे म्हणून. त्यानं दोन्ही वेळा नकार कळवला. ताईची खोली अजून तशीच आहे. भाड्यानं द्यावी, असं शेजारी सुचवतात. तो ऐकून घेतो आणि दार लोटून घेतो.