काहीच न केलेला वाफा

“हे काय आहे? मी विचारतो, हे काय आहे बे?”

साहेब टी-झिरोच्या वाफ्यापुढं उभे राहून ओरडत होते. साहेब म्हणजे माझे गाईड, सागवानातले मोठे डॉक्टर. एरवी ते पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. राग आला की शुद्ध भाषा आधी पळून जायची आणि मागून त्यांच्या गावची बोली निघायची. त्या दिवशी त्यांचा आवाज असा लागला की नर्सरीतले बगळे तर उडालेच, पण बाहेर रस्त्यावरून यवतमाळला निघालेली एसटीसुद्धा कोणी थांबवतंय समजून थांबली. कंडक्टरनं दारातून डोकं काढून विचारलं, “किती जण आहेत?” साहेबांमागं समितीचे दोन प्राध्यापक रुमालानं माना पुसत उभे होते. त्यातल्या एकाचा पाय जरा एसटीकडं पडला होता, हे मी पाहिलं.

ओरडण्यासारखं काय होतं, ते सांगतो. सागाचं बी महा आळशी. टणक कवचात निजून राहतं आणि मनात आलं तर उगवतं, नाही तर नाही. त्याला लवकर उठवायचं कसं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. एका आळशाकडं दुसऱ्या आळशाला उठवायचं काम देण्यात विद्यापीठाचा काय विचार होता, मला आजही कळलेलं नाही. चार वाफ्यांतल्या बियाण्यावर चार वेगवेगळे उपचार करायचे आणि पाचव्याला काहीच करायचं नाही. तसंच कोरडं बी घ्यायचं, पेरायचं, बाकीच्यांइतकं पाणी द्यायचं, बस. हा टी-झिरो. याच्यात किती कमी उगवलं त्यावरून बाकीच्या चौघांची हुशारी मोजायची. म्हणजे कमी उगवणं हे या वाफ्याचं कर्तव्यच होतं.

आणि तो वाफा हरभऱ्याच्या शेतासारखा दाट उगवून आला होता. रोपांना रोपं घासत होती. बाकीचे चार वाफे मात्र लग्न जुळवायला निघालेल्या प्रौढ नवरदेवाच्या डोक्यासारखे, इकडून चार, तिकडून दोन.

आमच्या एम.एस्सी.ची माहितीपुस्तिका एवढी जाड होती की होस्टेलला तिच्यावर उभं राहून मी पंखा पुसायचो. तिच्यात अटी होत्या. वर्गातले तास अमुक, सेमिनार दोन, आराखड्यावर समितीच्या सगळ्यांच्या सह्या. आणि सगळ्यात जालीम अट फील्ड बुकाची: रोज काय केलं ते त्याच दिवशी लिहायचं आणि प्रत्येक पानावर तीन सह्या घ्यायच्या, विद्यार्थ्याची, कामावर हजर असलेल्या मजुराची आणि गाईडची. या झाल्या अटी. अपेक्षा पुस्तिकेत छापत नाहीत, त्या साहेबांच्या चेहऱ्यावर वाचाव्या लागतात. विद्यार्थ्यानं नर्सरीतच राहावं, फोन पहिल्या रिंगला उचलावा, मे महिन्यात घाम येऊ देऊ नये, आणि समिती पाहणीला आली की दिग्रसहून गरम आलुबोंडे तयार ठेवावेत. अपेक्षांच्या बाबतीत माझी कधीच तक्रार आली नाही. बोंडे माझे वेळेवर असत.

अडचण अटींची होती. माझ्या दोन मुदतवाढी खाऊन झाल्या होत्या. या पाहणीत समितीनं ‘प्रयोग समाधानकारक’ असं लिहिलं तरच प्रबंध जमा होणार होता. नाही तर पुढचा पावसाळा, पुढचा उन्हाळा, आणि दारव्ह्याला घरी बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार, “पोरगा झाडावर शिकून राह्यला, उतरला की सांगतो.”

नर्सरीत माझ्या मदतीला एक बाई होती. जवळच्याच बंजारा तांड्यावरची. तिला सगळे याडी म्हणत. गोरबोलीत याडी म्हणजे आई, आणि नर्सरीत रेंजरपासून चौकीदारापर्यंत तिला दुसऱ्या नावानं हाक मारायची कोणाची छाती नव्हती. वयाचा अंदाज लागत नसे. तिनं लावलेले साग तोडून त्यांचे दरवाजे झाले होते आणि त्या दरवाजांना वाळवी लागली होती, एवढं नक्की. साक्षरतेच्या रात्रशाळेत ती सही शिकली होती. सही करायच्या आधी पान पूर्ण वाचून दाखवायला लावायची, मग पदराला हात पुसायचे, मग पेन धरायचं. एका सहीला एवढा वेळ लागे की वरच्या ओळीची शाई वाळून फिकी पडायची. पण अक्षरं अशी गोलमटोल काढायची, जसे काही मुगाच्या डाळीचे वडे थापून ठेवलेत.

मार्चमध्ये मी तिच्यासमोर पाच पोती ठेवली आणि प्रयोग समजावला. याला दोन दिवस गार पाणी. याला एक दिवस पाणी, एक दिवस ऊन, असं पंधरा दिवस. याला गरम पाण्याची आंघोळ. याला तेजाब, पण तू हात लावू नको, मी लावतो.

“आन् हे पाचवं?”

“याला काही नाही.”

“काही नाही म्हंजे?”

“म्हंजे काहीच नाही. कोरडं ठेवायचं. नर्सरीत उंदीर आहेत, म्हणून तू घरी नेऊन ठेव. पेरायच्या दिवशी आण.”

याडीनं पोत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“काहून? यानं काय केलं?”

“त्यानं काही केलं नाही याडी. शास्त्र आहे ते.”

“घरात पाच लेकरं हायेत, चौघाले वाढतं आन् एकाले म्हनतं तू पाहत बस. हे शास्त्र हाय?”

मी तिला तुलना समजावून सांगितली. चांगला अर्धा तास. इतकं सुंदर मी कुठल्याच सेमिनारमध्ये बोललो नव्हतो. शेवटी ती म्हणाली, “बरं बाबू,” आणि पोतं डोक्यावर घेऊन निघाली. वनशास्त्र एका तांड्यापर्यंत पोचवल्याच्या आनंदात मी आंब्याखाली जाऊन झोपलो.

झोपेचं खरं सांगून टाकतो. त्या उन्हात झारीतलं पाणी वाफ्यावर पोचायच्या आतच हवेत विरायचं. नर्सरीतले सरडे सावलीसाठी माझ्या चपलेत येऊन बसायचे. अशा दिवसांत ‘एक दिवस पाणी, एक दिवस ऊन’ हा उपचार मी अत्यंत निष्ठेनं पाळला, फक्त कधी पाणी सलग तीन दिवस व्हायचं, कधी ऊन सलग पाच. पेरणीआधीची फील्ड बुकाची पानंही मागंच पडली होती. पेरणीनंतरची पानं मात्र झाली होती, कारण याडी रोज संध्याकाळी पदराला हात पुसत येऊन उभी राहायची, “आन वही.”

तर जूनमध्ये पाहणी आली, ढगांचा पत्ता नव्हता, आणि साहेब ओरडत होते.

“काहीच न केलेला वाफा सगळ्यात पुढं? तुहे चारही उपचार मातीत? कोणी हात लावला याले? कोणी केलं हे?”

मी तोंड उघडणार, तोच याडी पुढं आली. ती केव्हाची वाट पाहत होती. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फोटोला उभं राहावं तशी वाफ्याच्या कडेला उभी राहिली.

“म्या केलं सायब.”

“काय केलं?”

“शेनाच्या पान्यात बुडवलं, गोठ्याजवळ पोत्यात दाबून ठेवलं, उनात घातलं, पुन्हा बुडवलं. पंधरा दिवस. एक दिवस खाडा नाही केला.” मग माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “या पोराले फुरसत नव्हती. चार वाफ्यायचं कराचं होतं त्याले.”

समितीतले एक प्राध्यापक खाली वाकून रोपं पाहू लागले. दुसऱ्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि विचारलं, “शेण गाईचं की म्हशीचं?” साहेबांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की वही परत खिशात गेली.

साहेबांनी मला आंब्याकडं नेलं. आता आवाज उतरला होता आणि शुद्ध भाषा परत आली होती. ती परत आली की मला जास्त भीती वाटते.

“हे पहा. या वाफ्याला टी-फाइव्ह म्हणा. शेणाची प्रक्रिया लिहा. चांगला निष्कर्ष आहे, शोधनिबंध होईल. टी-झिरोचे आकडे मागच्या बॅचच्या प्रबंधातून घ्या. तेच बी, तीच नर्सरी, तेच ऊन. थोडे इकडेतिकडे करा.”

“आणि फील्ड बुक?”

“पेरणीपूर्वीची पानं कोरीच आहेत ना? तुमच्या आळसाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला.”

त्या क्षणी माझ्या मनाला टोचणी लागली असं लिहिलं तर हा मजकूर जरा उंचीवर जाईल. पण लागली नाही. मला दारव्हा दिसत होतं, बाबा पेढे वाटताना दिसत होते. मी तिथंच आंब्याच्या बुंध्याला वही टेकवून पान लिहिलं, ‘टी-झिरो: बियाणे कोरडे ठेवले. काहीही केले नाही.’ माझी सही केली आणि वही याडीपुढं धरली.

“वाच,” ती म्हणाली.

मी वाचलं.

“पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचलं, जरा हळू आवाजात.

“काहीही केलं नाही? मंग पंधरा दिवस म्या काय केलं?”

“याडी, तुझं वेगळ्या पानावर येते. टी-फाइव्ह म्हणून. हे दुसरं आहे.”

“दुसरं कुठं हाय? पोते पाचच होते. म्या मोजले.”

साहेब पुढं आले. “बाई, हे फक्त कागदापुरतं आहे.”

“मंग कागदालेच सही मागा सायब.” तिनं पेनाला टोपण लावलं आणि माझ्या खिशात अडकवून दिलं. “दोन साल रात्रशाळेत जाऊन शिकली मी हे नाव. खोट्याखाली नाही लिहीत.”

साहेबांनी मग कायद्याची भीती घातली, मग चहा पाजला, मग पुढच्या कामावर पुन्हा घेण्याचं गोड बोलले. ती बोंडा खात ऐकत होती. मधल्या वेळात मी बोंड्यांच्या कागदामागं तिची सही काढून पाहिली. सात वेळा. प्रत्येक वेळी वडे कच्चे राहिल्यासारखे दिसले. तसलं अक्षर काढायला हातानं आयुष्यभर वाफे खणलेले असावे लागतात, तीन वर्षं एम.एस्सी. करून भागत नाही. आणि ते दोन प्राध्यापक आंब्याचा मोहोर निरखत उभे होते, जूनमध्ये.

शेवटी साहेबांनी लाल पेन काढलं, माझ्या ओळीवर काट मारली आणि पानावर आडवं लिहिलं, ‘प्रयोग पुढील हंगामात पुन्हा घेणे आवश्यक.’ तिसरी मुदतवाढ, खास बाब म्हणून. खाली सही ठोकली, उरलेले बोंडे उचलले आणि जीपमध्ये बसले. त्या पानावर मात्र याडीनं लगेच सही केली. वाचून घेऊन.

जीपची धूळ खाली बसेपर्यंत मी धीर धरला. मग मला कंठ फुटला. साहेबांनी बगळे उडवले होते, मी तर वाफ्यातले किडेसुद्धा पळवले असतील. म्हटलं, याडी, तुले काय सांगितलं होतं म्या? काहीच करू नको म्हणून सांगितलं होतं ना? एक वर्ष गेलं माझं! अख्खं वर्ष! मी घरी काय तोंड दाखवू? पुन्हा पाच पोती, पुन्हा तेजाब, पुन्हा ते ऊन! एवढं सोपं काम होतं, काहीच न करायचं, तेवढंही तुझ्यानं होऊ नये?

याडी झारी भरत होती. भरली, उचलली, त्या हिरव्यागार वाफ्याकडं निघाली आणि मागं न पाहता म्हणाली,

“मंग पुढच्या साली ते बी माह्याजवळ ठेवू नको.”