डाव्या पायाचे दुप्पट

सयाजी चौगुल्यांचा डावा गुडघा तरुणपणी तालमीत फिरला आणि तेव्हापासून त्या गुडघ्याला घरात मोठा मान आला. कसबा बावड्यात त्यांचं पशुखाद्याचं दुकान आहे. दुकानात सरकी पेंडेचं पोतं ते उशी उचलावी तसं उचलतात. पण घरचा गॅस सिलेंडर माडीवर न्यायचा म्हटला की गुडघा धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसतात. माळ्यावरची भांडी, दिवाळीची रंगरंगोटी, सासरवाडीची लग्नं, सगळ्यांतून त्या गुडघ्याने त्यांना सोडवलं होतं.

"अवं, त्यो गुडघा हाय का वकील?" बायको वर्षाराणी विचारायची.

पोट शर्टाच्या बटणांशी भांडायला लागलं तेव्हा सयाजीरावांनी सायकल घेतली. पैलवान माणूस साधी सायकल घेईल होय? बोटभर जाडीच्या टायरची, मेंढ्याच्या शिंगासारख्या हँडलची रोडबाईक आली. सयाजीराव तिच्यावर बसले की सायकल दिसेनाशी व्हायची आणि बघणाऱ्याला वाटायचं, माणूस हवेत बसून चाललाय.

रविवारच्या सायकलवाल्यांचे म्होरके होते दंतवैद्य दत्तप्रसाद. लोकांच्या दातांपेक्षा त्यांना आकड्यांचा नाद जास्त. राधानगरी धरणापर्यंत जायचं ठरलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "दोन तुकड्या. पुढची जोरात जाईल. मागची टेम्पोच्या सोबत, केळी खात. जोतिबाच्या चढावर कुणाचे पाय किती वॅटचा जोर लावतात, त्यावर तुकडी ठरेल."

"म्या टेम्पोसंगं?" सयाजीराव गरजले. "पोतं हाय व्हय मी?"

दुसऱ्याच दिवशी ते जोर मोजणारं पेडल आणायला दुकानात हजर. दुकानदाराने विचारलं, "एका बाजूचं देऊ का दोन्ही?"

"उजव्याचं काय मोजायचं? त्यो घरचा गडी हाय. संशय डाव्यावर हाय, डाव्याचंच द्या."

मग दुकानदार बरंच काही समजावून सांगत होता, पण सयाजीरावांचं लक्ष बुटांत होतं. पैलवानाचा पंजा म्हणजे परात. तो बुटात घालायलाच दोन माणसं लागली. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा प्लास्टिकचा तुकडा असतो, तो पेडलात खट्कन अडकतो. तो बूट घालून सयाजीराव चालायला लागले की बदक बाजाराला निघाल्यासारखं दिसायचं. म्हणून कोल्हापुरी चपला कायम पाठीवरच्या पिशवीत.

पेडल बसवताना डावं काही केल्या आवळेना. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे कळेपर्यंत सयाजीरावांनी सगळ्या गल्लीला शिव्या ऐकवल्या.

पहिल्याच रविवारी मोबाईलवर आकडा आला एकशे दहा वॅट. शेजारचा बाळासो, टोळीतला सगळ्यात तिखट तोंडाचा गडी, मान वाकडी करून बघत म्हणाला, "पैलवान, एवढ्यावर पंखा फिरंल. मिक्सर न्हाय चालायचा."

त्या रात्री सयाजीराव जेवले नाहीत. म्हणजे एकच भाकरी जास्त घेतली. शेवटी मुलीने, तेजस्वीने, पेडलसोबतचं माहितीपत्रक वाचलं आणि ती हसायलाच लागली. "पप्पा, हे फक्त डाव्या पायाचा जोर मोजतं आणि त्याची दुप्पट करून दाखवतं. उजवं पेडल नुसतं जोडीला. आत काही नाही त्याच्या."

सगळी सायकल ओढणारा उजवा पाय हिशेबातच नव्हता! दुसरा कुणी दुकानदाराशी भांडायला गेला असता. पण सयाजीरावांना समोरच्याचा तोल गेलेला दिसला की डाव सुचायचा. "म्हंजे डाव्यानं एक दिला की दोन लागत्यात?" ते हळूच म्हणाले.

झालं! उजवा पाय पेन्शनीत गेला आणि डावा कामाला लागला. शिये रस्त्यावर रोज सकाळी डाव्याची मेहनत सुरू झाली. आधी तो बोंबलला, मग कुरकुरला, मग गप्प बसून पेडल हाणायला लागला. आकडा चढत चढत तीनशेवर गेला.

"आता पिठाची गिरणी चालंल," बाळासो म्हणाला, आणि सयाजीराव नव्या नवरदेवासारखे लाजले.

परीक्षेच्या दिवशी जोतिबाच्या पायथ्याशी दत्तप्रसादांनी मात्र चष्मा वर केला. "सयाजीराव, तीनशे वॅटचा माणूस माझ्या पुढं पाहिजे. तुम्ही दर रविवारी मागं कसे?" ते खाली वाकले, पेडल निरखलं आणि उठताना दंतवैद्याच्या गोड आवाजात म्हणाले, "हे एकाच पायाचं आहे. माझ्याकडची दोन्ही बाजूंची जादा जोडी लावा. नाहीतर टेम्पो आहेच."

पेडलं बदलली. पण सयाजीरावांची क्लीट त्यात अडकेना; कंपनी वेगळी, खाच वेगळी. डॉक्टरांचे बूट घालून पाहिले, तर पंजाची नुसती बोटंच आत गेली. टेम्पोवाल्याने मागचं फळकं उघडून दाखवलं. "या पावणं. केळी हायत."

सयाजीरावांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने फळकं परत लावलं. मग त्यांनी पिशवीतून चपला काढल्या, पायात सरकवल्या आणि चढाला भिडले. चपला करकर वाजत होत्या, पाय घसरत होते. महिनाभर आराम केलेला उजवा ताजातवाना, आणि डावा तर पेटलेलाच. दोघे पहिल्यांदाच एकत्र राबत होते. वळणावर त्यांनी डॉक्टरांना मागे टाकलं, तेव्हा करकर थेट डॉक्टरांच्या कानात गेली.

वर पोचल्यावर दत्तप्रसादांनी मोबाईल पाहिला आणि हात जोडले. "पुढची तुकडी! पण एक गंमत बघा. डावा छप्पन्न टक्के, उजवा चव्वेचाळीस. तुमचा डावा पाय जास्त दणकट आहे, सयाजीराव."

"हाय की!" छाती फुगवून सयाजीराव ओरडले. बाळासोने त्या आकड्याचा फोटो काढला, तेव्हा त्यांनी मिशीवरून हातही फिरवला. तो फोटो कुणाला चाललाय, हे विचारायचं भान कुणाला?

घरी पोचले तर जिन्याखाली भरलेला सिलेंडर उभा, शेजारी मोबाईल घेऊन वर्षाराणी. सवयीने सयाजीरावांचा हात डाव्या गुडघ्याकडे गेला.

"छप्पन्न टक्के हाय त्यो," वर्षाराणी म्हणाली.

हात जागच्या जागी थबकला. मग हळूच पलीकडे, उजव्या गुडघ्यावर सरकला. "ह्यो चव्वेचाळीसच हाय गं."

"मग डाव्यानं चढा की!"

आणि पुढच्या तुकडीचे सयाजीराव चौगुले सिलेंडर खांद्यावर घेऊन जिना चढायला लागले, डावा पाय पुढे टाकत.