कर्मांनी नव्हे

मुरबाडच्या एस.टी. स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. त्याआधी आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्त झालो तरी लाल पेन हातातून सुटलं नाही. लग्नपत्रिका छापायला आलेल्या वरपित्याला मी ऱ्हस्व-दीर्घ समजावत बसतो. तो वैतागून पुढच्या दुकानात जातो, आणि मी बायकोला सांगतो की गावाला भाषेची चाड उरली नाही.

एका सकाळी एक गवंडी आला. नखांत सिमेंट, हातात वहीतून फाडलेलं पान. वैशाखऱ्याकडच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा तो पाळक होता. आठवडाभर भिंती उभ्या करायचा आणि रविवारी उपदेश करायचा.

"सर, चाळीस कॉप्या पायजेत. बाप्तिस्मा घेनाऱ्यांनी पाठ करायचं हाय. आमी काय मानतो ते सगळं यात हाय."

तो काम उरकायला गेला आणि मी टाइप करायला बसलो. देव एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन आहे. येशू आमच्या पापांसाठी, आमच्या जागी, वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि पुन्हा येणार आहे. इथवर मी फक्त वेलांट्या सुधारल्या. पुढं लिहिलं होतं, 'माणसाला नवा जन्म घ्यावा लागतो.' मला वाटलं, बिचाऱ्याला शब्द आठवला नसेल. मी 'पुनर्जन्म' केलं. त्याच्या पुढची ओळ होती, 'आमचं तारण केवळ कृपेनं, विश्वासाद्वारे आहे, कर्मांनी नव्हे.' तारण हा शब्द मी आजवर फक्त पतसंस्थेच्या पाटीवर, सोन्याच्या शेजारी वाचला होता. इथं त्याचा अर्थ उद्धार असावा असं धरून तो मी उदार मनानं राहू दिला. पण 'कर्मांनी नव्हे' मला झोंबलं. जन्मभर पोरांना चांगलं वागा म्हणून सांगितलं, कान पिळले, आणि हा गवंडी म्हणतो कर्मांनी नव्हे? मी ओळ बदलली, 'कृपेनं, विश्वासानं आणि सत्कर्मांनी.' दोनदा मोठ्यानं वाचली. लय छान साधली होती.

गाडी सुटायच्या घाईत पाळकानं गठ्ठा न वाचताच पिशवीत टाकला.

"थोडी भाषा सुधारलीय," मी विनयानं म्हणालो.

"बरं झालं सर, आमाला काय येतंय."

दोन-तीन आठवड्यांनी तो परत आला आणि स्टुलावर बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. रागाला मी तोंड देऊ शकतो.

"सर, रविवारी मी पाठ घेतला. पयलाच मानूस उभा रायला नि बोलला, मानसाचा पुनर्जन्म होतो. मी इचारलं, कुटल्या योनीत रे? तर समद्यांच्या कागदावर तेच! आमचा नवा जन्म म्हंजे याच जन्मात आतून नवं होनं, सर."

मी हसलो, तोही हसला. मग त्यानं आवाज खाली घेतला.

"पन एक मावशी हाय. ती बाप्तिस्मा नको बोलते. सुनेनं तिला वाचून दाखवलं, की सत्कर्म लागतं. बोलते, माज्याकडं ते नाय."

"एवढ्याशा एका शब्दानं?"

"सर, तुमी 'नव्हे' काढलं. आमचा समदा इश्वास त्या एका शब्दावर उभा हाय. मानूस कितीबी चांगला वागला तरी तेवढ्यानं देवापर्यंत पोचत नाय. म्हनून तर येशू आला, मेला. आपन हात पुढं करून घ्यायचं. चांगलं वागनं त्याच्या मागनं येतं. अगोदर भरायची फी नाय ती."

'नव्हे' हे नकारदर्शक क्रियापद मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. त्याचं वजन मला एका गवंड्यानं सांगितलं.

मी म्हणालो, सगळं पुन्हा छापून देतो. तो म्हणाला, नको, आमी पेनानं दुरुस्त केलं. लॅमिनेशन करून देतो म्हणालो. नको. प्रार्थनेच्या जागेला पाटी करून देतो म्हणालो.

"सर, तुमाला माफी पन फुकट घेता येत नाय काय?" तो म्हणाला. "केलं माफ. करायचंच आसंल तर मावशीला भेटा. ती माजं ऐकत नाय. बोलते, छापलेलं खोटं कसं आसंल."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवरून टोकावड्यामार्गे वैशाखऱ्याला गेलो. मावशी खळ्यावर भात झोडत होत्या. पन्नाशीच्या, काटक. वाटेत मी भाषण तयार केलं होतं, त्यात तीन मुद्दे होते. त्यांनी पेंढी खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं आणि मला तिन्ही मुद्दे आठवेनात.

"मावशी, ती सत्कर्माची ओळ माझी आहे. तुमच्या शास्त्रात ती नाही. मीच घातली."

"तुमी? का वो?"

"मला वाटलं, शोभेल."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माज्या जावेशी मी बारा वर्सं बोलत नाय. बांधावरनं भांडन झालं. ती ओळ ऐकली नि मला वाटलं, आपलं काय खरं नाय." मग एकदम विचारलं, "गुरुजी, तुमी करता काय तेवढं सत्कर्म?"

शाळेत कुणी असं विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता. खळ्यावर बाक नव्हता. माझा सख्खा भाऊ आटगावला राहतो. त्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेतल्या चुका मी तोंडावर दाखवल्या, तेव्हापासून तो माझ्या घरी आलेला नाही, आणि मीही गेलो नाही.

"नाही," मी म्हणालो.

"मंग लिवलं कशाला?" असं म्हणून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

पुढच्या रविवारी नदीवर बाप्तिस्मा झाला. पाळकानं मला काठावर उभं केलं आणि दुरुस्त कागद मोठ्यानं वाचायला लावला. 'नव्हे' मी असा खणखणीत उच्चारला की पाण्यातल्या म्हशींनी माना वळवल्या. पाळक म्हणाला, "सर, हळू. देवाला ऐकू येतं." मावशी पाण्यात गेल्या, ठसकत वर आल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रस्त्यावरून जाणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हे पाहिलं. मी मुरबाडला पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती.

"तुम्हालाही बुडवलं काय?" बायकोनं दारातच विचारलं.

"नाही. मी नुसता वाचत होतो."

"ते तर जन्मभर करताय," ती म्हणाली.

मी त्यांचा विश्वास घेतलेला नाही, हे सांगितलेलं बरं. कळला मात्र थोडा, तोही चूक केल्यावर. परवा पाळक दुकानात आला तेव्हा मी मावशींची चौकशी केली.

"जावेशी बोलनं नाय अजून. पन जाव तापानं पडली व्हती, तर तिच्या गुरांना हीच वैरन टाकत व्हती."

"म्हणजे शेवटी सत्कर्म..." मी सुरुवात केली. पाळकानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स काढून दिली.