हत्तीडोहावरच्या ठवकर मॅडम

ठवकर मॅडमच्या पर्समध्ये कंगवा नसे, चहाची गाळणी मात्र असे. सोबत वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे, दोऱ्याचं रीळ आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या. रविवारी संध्याकाळी नदीवरून परतताना बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून सरकली, की मॅडम तिला शांतपणे सांगत, "विष्ठा आहे. पाणमांजराची. वाळलेली आहे, सांडायची नाही." ती बाई पुढच्या थांब्यावर उतरून जाई.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. उमरेडकडच्या शेतकरी घरातल्या. वर्गात बोलणं अगदी पुस्तकी, पण राग आला किंवा आनंद झाला की घरची बोली बाहेर पडे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या नाकाखाली एक बाटली धरली. मी मान वळवली.

"नाक काहून दाबून राहिली वं? घाण नाही हे. जनावर सही करून गेलं हाये."

बाटलीतल्या विष्ठेत माशांचे खवले, काटे आणि दोन-तीन बारीक केस होते. अंग चाटताना पाणमांजराचे स्वतःचेच केस पोटात जातात. तो केस कुणाचा हे सिद्ध करण्यासाठी मॅडम विष्ठा चहाच्या गाळणीत धुऊन तो वेगळा काढायच्या, काचपट्टीवर बिनरंगी नेलपॉलिशचा थर द्यायच्या, त्यावर केस दाबायच्या आणि उमटलेली नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. ते नेलपॉलिश आणायला मी त्यांच्याबरोबर सीताबर्डीला गेले होते. दुकानदार लाल, गुलाबी, जांभळं काढून ठेवत होता आणि मॅडम म्हणत होत्या, "रंग नसलेलं द्या हो." शेवटी तो वैतागला, "मॅडम, लगाके दिखेगाच नहीं!" मॅडम म्हणाल्या, "मले लावायचंच नाही."

हे सगळं हत्तीडोहासाठी चाललं होतं. शहरापासून दीड तासावर, नदीच्या वळणावर खडकात तो खोल डोह होता. बाकी नदी उन्हाळ्यात आटली तरी तिथं पाणी राही. एका सरकारी कामासाठी तिथला खडक सुरुंगानं फोडायचं ठरत होतं. वन्यप्राण्यांचा नवा कायदा तेव्हा नुकताच आला होता. डोहात पाणमांजरं आहेत असं दाखवता आलं, तर काम थांबू शकलं असतं.

दाखवायचं कसं? पहिली बस आम्हाला दहाला सोडायची, शेवटची पाचला परत न्यायची. पाणमांजर फिरतं ते पहाटे आणि दिवेलागणीला. मॅडमनी तिथं मुक्काम करण्याची परवानगी मागितली. कॉलेजनं लिहून कळवलं, दोन महिलांनी नदीकाठी राहणं योग्य दिसत नाही. दोन वर्षं आम्ही दर रविवारी उन्हात खडक चाळले, पण जनावर एकदाही पाहिलं नाही. डोहात जाळं टाकणारा किसन ढिवर मात्र रोज पाहायचा.

"सकाळीच तीन होते बाई," तो सांगायचा. "माहं जाळं फाडून गेले पानकुत्रे. तुमी त्याइले वाचवून राहिल्या, अन् मी त्याइले शिव्या देऊन राहिलो."

"दे शिव्या," मॅडम हसत, "पण तारीख सांग मले." आणि वहीत त्याच्या नावानिशी लिहून घेत.

डोहातल्या केसाची तुलना करायला पाणमांजराचा खात्रीचा केस हवा होता. दुसऱ्या एका कॉलेजात पेंढा भरलेलं एक पाणमांजर कपाटात धूळ खात होतं. त्याचे दोन केस मिळवायला मॅडमना पाच चकरा आणि तीन अर्ज लागले. तिथल्या प्राचार्यांनी हळूच विचारलं होतं, "केस कशाला हवेत? काही करणी-बिरणी?" मॅडम पायऱ्या उतरता उतरता पुटपुटल्या, "याच्याच डोक्याचे उपटून आणायले पाह्यजे होते." पण केस मिळाले आणि नक्षी तंतोतंत जुळली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या विभागाला कचोरी खाऊ घातली.

आता म्हणे ओढ्यातलं लिटरभर पाणी गाळतात आणि त्यात सुटलेल्या पेशींच्या डीएनएवरून कोणकोण येऊन गेलं ते सांगतात. जनावर दिसलंच पाहिजे असा हट्ट कुणी धरत नाही. मॅडमचं म्हणणं याहून वेगळं नव्हतं. फक्त वनखात्याच्या साहेबाला ते पटवायला त्यांच्याजवळ काचपट्ट्या आणि बाटल्याच होत्या.

त्या घेऊन आम्ही त्याच्या कचेरीत गेलो. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं एकेक बाटली उजेडात धरून पाहिली, चहा मागवला.

"मॅडम, फोटो आहे?"

"नाही."

"प्रत्यक्ष कुणी पाहिलं?"

"किसननं. तारखांसकट लिहिलंय."

"मासेमाराचं नाही चालणार वर. तुमच्यासारख्या जबाबदार व्यक्तीनं पाहायला हवं." मग तो पुढे वाकला. "मला तुम्हाला मदत करायचीय. एक ओळ लिहून द्या, अमुक दिवशी स्वतः पाहिलं म्हणून. आजच काम थांबवायला लिहितो."

"मी पाहिलेलं नाही. ओळखलेलं आहे."

"कोण तपासायला येणार आहे?"

मला राहवेना. मी म्हटलं, "मी पाहिलंय. मी देते लिहून."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "कोणत्या रविवारी?"

मला एकही तारीख सुचली नाही. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, हिची एक ओळ खोटी निघाली, तर माझ्या सगळ्या बाटल्या खोट्या ठरतील."

घरी परतताना त्यांनी विचारलं, "राग आला असंल."

"आला."

"येऊ दे."

पुढच्या महिन्यात पाहणीसाठी कचेरीची जीप गेली. ऐन दुपारी, तासाभरासाठी. अहवाल आला: 'पाणमांजर – आढळ नाही.' तो कागद मॅडमनी विभागातल्या प्रत्येकासमोर धरला. "दिसलं नाही अन् नाही, हे एकच हाये काय? सांगा नं मले. एकच हाये काय?" शिपायालाही विचारलं.

मे महिन्यात किसन कॉलेजात आला. प्रयोगशाळेच्या दारातच उभा राहिला, आत येईना.

"सुरुंग लावला बाई. मासोया उलट्या तरंगून राहिल्या."

"अन् ते?"

"दोन दिवस ओरडत होते. मंग नाही ऐकू आले."

मॅडमनी वही काढली. "तुया कानानं ऐकलं?" त्यानं होकारार्थी मान हलवली. त्यांनी तारीख लिहिली, वाक्य लिहिलं, त्याचं नाव लिहिलं. मग वही मिटून वर्गावर गेल्या आणि बेडकाचं रक्ताभिसरण शिकवलं.

त्यानंतर वर्षभर त्या दर रविवारी तिकडे जात राहिल्या. मी पहिले काही रविवार गेले, मग बंद केलं. मला त्या फुटक्या खडकापेक्षा मॅडमचं वाकून शोधणं बघवत नव्हतं. सोमवारी मी विचारायची नाही आणि त्या सांगायच्या नाहीत.

त्या निवृत्त झाल्या ऐंशीच्या दशकात. पुढे आजारी पडल्या तेव्हा भेटायला गेले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, इतकी वर्षं दाबून ठेवलेलं मी विचारलं, "मॅडम, ती एक ओळ लिहिली असती तर?"



"डोह वाचला असता," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मंग काय वं. आज विचारलं तरी नाही लिहिणार. पण बरोबर वागलं की बरं वाटते म्हणतात नं, ते काही खरं नाही. मले एक दिवस बरं नाही वाटलं."

पाणी हवं का म्हणून मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि कूस बदलली.

त्याच महिन्यात त्या गेल्या. पुढे मीही पंचवीस वर्षं शिकवलं. नोंदीत न पाहिलेलं काही लिहू नका, असं प्रत्येक तुकडीला बजावून सांगितलं. राग अजून आहे. साहेबाचा, जीपमधून तासाभरासाठी आलेल्यांचा, मुक्काम नाकारणाऱ्यांचा, तो तर आहेच. पण त्यातला थोडा मॅडमचाही आहे, आणि तो कुठे ठेवावा हे मला अजून कळलेलं नाही.