मेहुण्याचं मुखपृष्ठ

गेल्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, एकशे अडुसष्ट रुपयांत, माझा सख्खा मेहुणा वारला. त्या प्रसंगी मी, माझी बायको सुनंदा, मुलगी ऋतुजा आणि स्वतः मेहुणा असे घरचे चौघे हजर होतो. मेहुणा चहा देत होता.

याचं मूळ आमच्या लोणावळ्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर आहे. ऋतुजा पुण्याच्या एका कॉलेजात मासिकं कशी बनवायची हे शिकते. (मासिकं बंद का पडतात, हाही विषय तिथे असावा. फीच्या मानाने असायला हवा.) सत्राचं काम म्हणून तिला रॉक संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ करायचं होतं, आणि तेही अशा मासिकांचे ठरलेले संकेत पाळून. हे संकेत तिने मला आमटीभात कालवता कालवता समजावले. पार्श्वभूमी काळी. फोटो कृष्णधवल, छातीपर्यंतचा, मधोमध. नजर थेट वाचकाच्या डोळ्यांत. एक मोठी ओळ, वाचून धडकी भरावी अशी. कोपऱ्यात किंमत आणि बारकोड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, गायकाने हसायचं नाही.

"का? मानधन थकलंय का त्याचं?" मी विचारलं.

"बाबा, तो बंडखोर असतो."

"कोणाविरुद्ध?"

"सगळ्यांविरुद्ध."

आणि तरी सगळ्यांनी काळंच घालायचं, लांबच केस ठेवायचे आणि एकाच कोनातून रागवायचं. बंडखोरांना एवढा कडक गणवेश असतो हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या कारखान्यात हिशेब विभागातल्या लोकांनाही इतका नाही.

मासिकाचं नाव ठरलं 'कातळ'. मोठी ओळही ठरली. गायक बँड सोडून चाललाय, म्हणून त्याच्या मुलाखतीचा मथळा: 'मी परत येणार नाही!' आता फक्त गायक हवा होता. लांब केसांचा, दाढीवाला, फुकट.

तसा एक आमच्या घरातच होता. माझा मेहुणा दत्ता, मुक्काम टाकवे बुद्रुक. भाताची शेती, सहा म्हशी, वय चौतीस. त्याची मिळकत माझ्यापेक्षा जास्त आहे. (मी दोन्हीचा हिशेब करून पाहिलाय आणि पुन्हा न करायचं ठरवलंय.) पण हल्ली मुलींना कंपनीतला नवरा आणि शहरातला फ्लॅट लागतो, त्यामुळे दत्ताला नकारावर नकार येत होते. शेवटी त्याने गावच्या देवीला नवस केला की लग्न ठरेपर्यंत केसाला कात्री लावणार नाही. देवीने दोन वर्षं विचार केला. तोवर केस खांद्याखाली आले होते.

नेमकं त्याच सुमाराला एक स्थळ जुळत आलं होतं. नाणे मावळातली वैशाली, वडगावच्या एका दवाखान्यात नर्स. मध्यस्थ मी. तिच्या वडिलांनी दत्ताचा फोटो पाहिला होता, नवसाआधीचा, भांग पाडलेला. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते घर बघायला येणार होते. दत्ता मला फोनवर म्हणाला, "दाजी, ही जागा गेली तर मी पुन्हा कुणाला बायोडाटा दिणार न्हाई. लय लाज वाटती आता." एरवी हा माणूस म्हैस आटली तरी हसतो, म्हणून मी ते मनावर घेतलं.

फोटो आधीच्या रविवारी काढला. चामड्याचं जॅकेट नव्हतं, म्हणून काळा रेनकोट, कॉलर वर करून. खळ्यावर भर दुपारी रेनकोटातला माणूस पाहून दोन शेजारी आभाळ बघून गेले. अडचण एकच झाली. दत्ताला न हसता उभं राहता येईना. ऋतुजा म्हणे, "मामा, रागव," की हा दात काढी. अर्धा तास गेला. मग मी हिशेबी डोकं चालवलं आणि म्हणालो, "दत्ता, तो मागचा नकार आठव बरं. चिंचवडची."

त्याचा चेहरा असा उतरला की ऋतुजाने एका क्षणात पाच फोटो घेतले. ती भलतीच खूश झाली. मला मात्र जेवण गेलं नाही.

आता छपाई. कॉलेजला मुखपृष्ठ तीन फूट बाय चार फूट हवं होतं, सोमवारी, प्रदर्शनात लावायला. पुण्याच्या छपाईवाल्याने गुळगुळीत कागदाचे अठराशे पन्नास सांगितले. मी म्हणालो, बाळूशेठ काय वाईट आहे? बाळूशेठचं कान्हे फाट्यावर फ्लेक्सचं दुकान आहे. दर चौरस फुटाला चौदा रुपये. बारा चौरस फुटांचे एकशे अडुसष्ट. ऋतुजा म्हणाली की फ्लेक्सवर फक्त वाढदिवस आणि पुढारी छापतात. मी म्हणालो, शाईला काय कळतंय? आणि शुक्रवारी कामावरून येताना कान्ह्याला उतरून पेन ड्राइव्ह देऊन आलो. बाळूशेठ जेवायला गेला होता, म्हणून पेन ड्राइव्ह मी टेबलावर ठेवला आणि वर माझ्या नाव-नंबराची चिठ्ठी.

शनिवारी ऑफिसात ऑडिटर समोर बसलेले असताना त्याचा फोन आला. त्याच्या कॉम्प्युटरवर आमची अक्षरं उघडत नव्हती. नुसते चौकोन दिसत होते. फोटो मात्र दिसत होता, आणि चित्र म्हणून चिकटवलेलं तेवढं: मासिकाचं नाव, ती एक मोठी ओळ, किंमत आणि बारकोड.

"बाकीचं काय लिव्हू, सायेब?" त्याने अगदी हळू आवाजात विचारलं.

मी म्हणालो, "नेहमी असतं तसंच लिहा. ठरलेल्या पद्धतीबाहेर काही नको, मुलीने बजावलंय." त्याने नाव विचारलं, मी पूर्ण नाव सांगितलं. वय विचारलं, मी चौतीस सांगितलं.

"लय लवकर झालं," तो म्हणाला.

"त्या क्षेत्रात एवढं वय म्हणजे उशीरच समजतात," मी माझं नवं ज्ञान सांगितलं.

मी ॲडव्हान्सचं विचारलं. तो म्हणाला, असल्या येळंला पैशाचं बोलू नका. फोन ठेवून मी ऑडिटरांना म्हणालो, बघा, खेड्यात शिक्षणाची अजून किती कदर आहे.

रविवारी सकाळी आम्ही तिघं कान्ह्याला उतरलो. फ्लेक्स ताब्यात घ्यायचा आणि जीपने टाकव्याला जायचं, असा बेत होता. गाडीत असतानाच सुनंदाने दत्ताला फोन करून पोह्यांत शेंगदाणे घाल म्हणून सांगितलं होतं. फाट्यावर आलो आणि ती एकदम थांबली.

फ्लेक्स तयार होता. तयारच काय, दोन बांबूंवर उभा होता. काळ्या पार्श्वभूमीवर दत्ता थेट आमच्या डोळ्यांत बघत होता. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नावाआधी 'कै.'. दोन्ही बाजूंना समई. फोटोखाली ठळक अक्षरांत 'मी परत येणार नाही!'. त्याखाली 'शोकाकुल', त्यात पहिलं नाव माझं आणि दुसरं 'समस्त कातळ परिवार'. बारकोड जसाच्या तसा. कोपऱ्यात 'किंमत रु. ५०'.

सुनंदा रडायला लागली.

"अगं, आत्ताच बोललीस ना त्याच्याशी?"

"बोलले," ती हुंदका देत म्हणाली, "पण बोर्ड लागलाय."

ऋतुजा थंडपणे म्हणाली, "बाबा, संकेत मात्र सगळे पाळलेत त्यांनी."

बाळूशेठचं दुकान बंद होतं. आम्ही जीप पकडून टाकवं गाठलं, तर फ्लेक्सचा फोटो आमच्याआधी पोहोचला होता. कोणीतरी तो मोबाइलच्या ग्रुपवर टाकला होता. अंगणात वीस-पंचवीस माणसं खाली मान घालून बसली होती, आणि नवीन शर्टातला दत्ता त्यांना चहा देत होता. जवळच्यांना त्याने समजावलं होतं, पण लांबून आलेले त्याला मयताचा भाऊ समजत होते. आलेल्या माणसाला आधी चहा द्यायचा आणि मग चूक सांगायची, हे त्याचं वळण. त्यामुळे चूक सांगायला त्याला वेळच मिळत नव्हता.

तेवढ्यात वैशालीच्या घरची जीप आली. फाट्यावर बोर्ड वाचून त्यांच्यात बरीच चर्चा झाली होती म्हणे. परत जावं, तर निम्म्या रस्त्यातून मयताचं घर टाळल्यासारखं दिसणार. म्हणून घर बघायला निघालेली माणसं भेटायला आली. घर बघायला एरवी मुलगी येत नाही. पण दुःखात बायकाही येतात, म्हणून जीप तशीच वडगावला नेऊन दवाखान्यातून वैशालीला सोबत घेतलं होतं. ती पांढऱ्या गणवेशातच होती, त्यामुळे प्रसंगाला फारच शोभत होती.

तिचे वडील टेकले. दत्ताने त्यांच्यापुढे चहा धरला. त्यांनी कप घेतला आणि विचारलं, "मयत कवा झालं?"

मध्यस्थ म्हणून मी काही बोलायला हवं होतं. पंचवीस वर्षं मी लोकांच्या चुका लाल शाईने दाखवत आलोय. त्या वेळी मला आमच्याच चपला दिसत होत्या, फक्त चपला.

"झालं न्हाई," दत्ता म्हणाला. "मीच तो. केस नवसाचे हायती. तुमी येणार म्हून शेंगदाणं घालून पोहे केल्यात. पर तुमाला जायचं आसंल तर जावा. माझी काय तक्रार न्हाई."

वडिलांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचाच फोटो घ्यायला हवा होता. सुनंदाने डोळे मिटून घेतले.

वैशाली उठली. दत्ताच्या हातातला ट्रे काढून तिने ओट्यावर ठेवला, त्याचं मनगट धरलं आणि स्वतःच्या घड्याळात बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. मग वडिलांना म्हणाली, "आबा, नाडी लागतीय. जरा जोरातच पळतीय. बोलणी करायला हरकत न्हाई."

आधी बायका हसल्या, मग सगळं अंगण हसलं. शोक करायला आलेले पोहे खाऊन गेले. वडिलांनी अट एकच घातली. गेला म्हणून बोर्ड लागलाय, तर जिवंत आहे म्हणूनही बोर्ड लागला पाहिजे, त्याच जागी, आजच. बाळूशेठला घरून बोलावून आणलं. तो म्हणाला, "जिवंत माणसाचा नमुना म्हंजी वाढदिवस. दुसरा न्हाई आमच्याकडं." दत्ताचा वाढदिवस जूनमध्ये असतो. तो आम्ही डिसेंबरात आणला.

तर हिशेब असा. बाळूशेठला श्रद्धांजलीचे एकशे अडुसष्ट, वाढदिवसाचे एकशे अडुसष्ट. पुण्याच्या छपाईवाल्याला अठराशे पन्नास, अधिक तातडीचे तीनशे. मी खर्च लिहून घेत होतो, तेव्हा सुनंदाचे चुलत आजोबा येसूआबा काठी टेकत समोर येऊन उभे राहिले. आंदर मावळातल्या वरच्या गावातून आधी डोंगर उतरून आणि मग जीपने, खास रडायला आले होते.

"जीपचं भाडं," ते म्हणाले. "जाऊन-येऊन ऐंशी. मानूस मेला आसता तर मागितलं नसतं."

मी येसूआबांना ऐंशी रुपये दिले. त्यांनी ते मोजून बंडीच्या खिशात घातले, दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "जावई, तुमचा बोर्ड लागला ना, तर मी आदी फोन करून इचारीन. तुमीच उचाललात, तर निगायचा न्हाई."